पालघरच्या परसातली कोंबडी : गावठी की सुधारित?

परसात कोंबडी कोणती पाळावी, हा प्रश्न पालघर जिल्ह्यात पशुवैद्यकीय दवाखान्यात निघतो, बचतगटाच्या बैठकीत निघतो आणि आठवडी बाजारात तर हमखास निघतो. एका बाजूला घरच्या खुराड्यात पिढ्यान्‌पिढ्या वाढलेली गावठी कोंबडी आहे. दुसऱ्या बाजूला सरकारी आणि खाजगी उबवणी केंद्रांतून येणारी गिरिराज, वनराज, ग्रामप्रिया, कावेरी ही मंडळी आहेत. दोन्ही बाजूंना जाणकार माणसे आहेत आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. म्हणूनच हा वाद इतकी वर्षे टिकला असावा.

बोईसरला लागून असलेले बेटेगाव या वादाकडे पाहायला चांगले ठिकाण आहे. पश्चिमेला तारापूरची औद्योगिक वसाहत, त्यापलीकडे समुद्रकाठी १९६९पासून वीज देणारे अणुऊर्जा केंद्र आणि अवतीभवती अलीकडे उभी राहिलेली गृहसंकुले. याच पट्ट्यात आदिवासी पाडेही आहेत. तिथली माणसे भाताची कामे उरकली की वीटभट्टीवर किंवा कंपनीत कंत्राटी कामाला जातात आणि दारात आठ-दहा कोंबड्या असतात. गावठी अंडे पिकवणारी बाई आणि ते जास्त पैसे मोजून घेणारे गिऱ्हाईक इथे चालत जाण्याच्या अंतरावर राहतात.

गावठी कोंबडीचा संसार

गावठी कोंबडी म्हणजे एक जात नव्हे. लाल, काळी, कबरी, पांढरी, उघड्या मानेची, उलट्या पिसांची अशी नाना रूपे एकाच पाड्यात दिसतात. भारतीय कोंबडीचा मुख्य पूर्वज लाल रानकोंबडा. पण पिवळ्या कातडीचा गुण पाळीव कोंबडीत राखी रानकोंबड्याकडून आला, हे २००८ साली जनुकीय अभ्यासातून सिद्ध झाले. हा राखी रानकोंबडा आपल्या सह्याद्रीतलाच. पिवळ्या पायांची कोंबडी दारात दिसली, की तो जुना संबंध मला आठवतोच.

तिचा वर्षाचा हिशेब साधा असतो. एका खेपेला ती बारा-पंधरा अंडी घालते आणि मग खुडूक होते. घरची बाई अंडी पाण्यात सोडून पाहते, तरंगणारी बाजूला काढते आणि उरलेली भाताच्या पेंढ्यावर टोपलीत मांडते. उवा होऊ नयेत म्हणून पेंढ्याखाली चुलीतली राख पसरतात. गडगडाटाने अंडी बिघडतात या समजुतीने कोणी कोळशाचा तुकडा, कोणी लोखंडी खिळा शेजारी ठेवतात. एकवीस दिवसांनी पिल्ले बाहेर येतात आणि पुढचे दोन-अडीच महिने कोंबडी त्यांच्यामागेच असते. पिल्ले सुटी झाली की पुन्हा अंड्यावर येते. अशा तीन-चार खेपा वर्षात होतात, म्हणजे अंडी पन्नास-साठ. यातली बरीच उबवणीला जातात, खायला-विकायला थोडीच उरतात.

खाद्यावर खर्च जवळपास नाहीच. कण्या, कोंडा, वाळवी, किडे, उष्टे-खरकटे यांवर ती जगते. पैसा सहसा बाईच्या हातात येतो आणि डॉक्टर, वह्या-पुस्तके, पाहुणा अशा अडीनडीला वापरला जातो. जिच्याकडे कोंबडी नाही, ती शेजारणीची तलंग, म्हणजे तरुण मादी, अर्धलीने पाळते. पिल्ले वाढली की निम्मी-निम्मी वाटणी होते. घरचे सगळे भट्टीवर गेले तर कोंबड्या अशाच कोणाकडे तरी सोपवून जातात. भांडवलाविना धंदा सुरू करण्याची ही जुनी सोय कुठल्याही योजनेच्या कागदात मला दिसलेली नाही.

बाजाराचा हंगामही ठरलेला. आषाढात, विशेषतः अमावास्येच्या आधी, गावठी कोंबड्याला मागाल तो दर मिळतो. श्रावण लागला की भाव पडतो. नवसाला आणि देवाला लागणाऱ्या कोंबड्याचा बाजार वेगळा. भगताने काळा सांगितला तर काळाच लागतो, उलट्या पिसांचा सांगितला तर तसाच शोधावा लागतो. पांढऱ्या ब्रॉयलरने ही गरज भागत नाही.

सुधारणेची वाटचाल

स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत सरकारने गावठी कोंबडी 'सुधारायला' घेतली ती परदेशी नर देऊन. ऱ्होड आयलंड रेड आणि व्हाइट लेगहॉर्न हे कोंबडे गावोगाव वाटले जात. गावातला नर काढून टाकायचा आणि हा सोडायचा, म्हणजे पुढच्या पिढीत अंडी वाढतील, अशी कल्पना होती. पहिल्या पिढीत ती वाढलीही. पण चार-पाच वर्षांत सरकारी नर संपला की कळप पुन्हा होता तिथे येई.

दरम्यान मोठी उलथापालथ झाली ती शेडमध्ये. १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली आणि पुणे हे देशाच्या कुक्कुट व्यवसायाचे एक केंद्र बनले. १९८२ साली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती आली. अंडे आणि ब्रॉयलर स्वस्त झाले, शहरांची गरज भागली आणि परसातली कोंबडी धोरणाच्या नजरेआड गेली.

ती परत आली ती वेगळ्या प्रकारच्या पक्ष्यांमुळे. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने गिरिराज तयार केली. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने वनराज आणि ग्रामप्रिया दिल्या. इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने असीलच्या संकरातून निर्भीक आणि कडकनाथच्या संकरातून श्यामा हे वाण काढले. रंगीबेरंगी पिसे, मोकळ्यावर फिरण्याची ताकद आणि गावठीहून जास्त अंडी-मांस असा यांचा आराखडा. मुंबईत गोरेगावच्या आरे वसाहतीत केंद्राची कुक्कुट विकास संस्था आहे आणि डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवरचे कृषी विज्ञान केंद्र १९७६पासून या भागात काम करते आहे. राज्याच्या योजनेत पन्नास टक्के अनुदानावर पंचवीस तलंगा आणि तीन नर असा गट, किंवा एक दिवसाची शंभर पिल्ले देण्याची सोय आहे. २०२१-२२पासून राष्ट्रीय पशुधन अभियानात हजार पैदास पक्ष्यांचे केंद्र आणि उबवणी उभारणाऱ्याला पन्नास टक्के, कमाल पंचवीस लाखांपर्यंत भांडवली अनुदान मिळते. म्हणजे भर घरातल्या पाळणारीकडून उद्योजकाकडे सरकला आहे.

परसातली कोंबडी संपत चालली, असे अनेकांना वाटत होते. २०१९च्या विसाव्या पशुगणनेने चित्र वेगळे दाखवले. देशातल्या ८५ कोटी कोंबडीवर्गीय पक्ष्यांपैकी सुमारे ३१ कोटी ७० लाख परसातले निघाले आणि २०१२च्या तुलनेत त्यांची वाढ ४५ टक्क्यांहून जास्त होती. व्यावसायिक पक्षी याच काळात साडेचार टक्क्यांनी वाढले.

सुधारित पक्ष्याची बाजू

सुधारित वाणाच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा उत्पन्नाचा आहे. संस्थांच्या आकड्यांनुसार परसात वनराज वर्षाला शंभर-एकशेदहा अंडी देते, गिरिराज एकशेतीस ते दीडशे, ग्रामप्रिया एकशेसाठ ते एकशेऐंशी. गावठीच्या पन्नास-साठ अंड्यांपुढे हा फरक मोठा आहे. कुपोषणाचा प्रश्न ज्या जव्हार-मोखाड्यात वर्षानुवर्षे चर्चेत आहे, त्याच जिल्ह्यात घरातल्या मुलाच्या ताटात आठवड्याला दोन अंडी जास्त पडणार असतील, तर जातीच्या शुद्धतेची चर्चा कोणासाठी, असे ते विचारतात. या प्रश्नाला सोपे उत्तर नाही आणि तो टाळूही नये.

दुसरा मुद्दा वेळेचा. गावठी कोंबडा विक्रीच्या वजनाला यायला सहा-सात महिने घेतो, सुधारित त्याच्या निम्म्या वेळात येतो. ज्याला आषाढाचा बाजार धरायचा आहे, त्याला हे महत्त्वाचे आहे.

अडचणीही त्यांना ठाऊक आहेत. एक दिवसाच्या पिल्लांना पहिले चार आठवडे ऊब आणि तयार खाद्य लागते. पाड्यावर वीज गेली की रात्रीत पिल्ले गारठून मरतात. म्हणून आता चार आठवड्यांपर्यंत वाढवून मगच पिल्ले द्यावीत, त्यासाठी गावपातळीवर संगोपन केंद्रे असावीत, असा आग्रह धरला जातो. बांगलादेशात ब्रॅक संस्थेने १९८०च्या दशकापासून नेमके हे केले. पिल्ले वाढवणारी बाई वेगळी, लस टोचणारी वेगळी, अंडी गोळा करणारी वेगळी. तिथे साखळी चालली, कारण तिच्यातल्या प्रत्येकीला रोजचे थोडे का होईना उत्पन्न होते.

गावठीची बाजू

गावठीच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा खुडूक बसण्याचा आहे. जास्त अंड्यांसाठी निवड करताना हा गुण मुद्दाम काढून टाकावा लागतो, कारण खुडूक कोंबडी दोन-तीन महिने अंडी देत नाही. त्यामुळे वनराज किंवा ग्रामप्रिया स्वतःची पिल्ले काढत नाही. तिची अंडी गावठीखाली ठेवली तरी पिल्लांत आईबापाचे गुण टिकत नाहीत, कारण तो मुळात वेगवेगळ्या वाणांचा संकर आहे. दर पिढीला पिल्ले विकत आणावी लागतात. अनुदान चालू आहे तोवर ठीक. ते थांबले, उबवणी केंद्र बंद पडले किंवा गाडीच आली नाही, की खुराडे रिकामे राहते.

दुसरा मुद्दा शत्रूंचा. घार, मुंगूस, रानमांजर आणि गावातली कुत्री यांच्यापुढे जड पक्षी कमी पडतो, असे पाळणाऱ्या बायका सांगतात. गावठी संध्याकाळी झाडावर चढून बसते, घारीची सावली दिसली की पिल्लांना हाक देऊन झुडपात नेते. संशोधकांचे उत्तर असे, की वनराजचे पाय लांब ठेवलेत ते पळता यावे म्हणूनच, आणि ग्रामप्रिया अंगाने हलकीच आहे. दोघांचे म्हणणे आपापल्या जागी पटते. मोकळ्या माळावरच्या आणि झाडीतल्या पाड्यात उत्तर वेगळे येणार.

तिसरा मुद्दा वाणाच्या मिसळणीचा. सुधारित नर गावात सोडला, की दोन-तीन पिढ्यांत खुडूक बसण्याचा गुण कळपातूनच पातळ होतो. भाताचे जुने वाण जव्हारकडे बायफ संस्थेने गावांच्या बियाणे पेढीत डब्यात भरून ठेवले; पेरले की पुन्हा उगवतात. कोंबडीच्या बाबतीत तशी सोय नाही. ती पाळली तरच टिकते.

शेजारी मात्र नोंदी झाल्या आहेत. नंदुरबार-धुळ्याच्या आणि लगतच्या गुजरातच्या पट्ट्यातली बुसरा आणि दक्षिण गुजरातची अंकलेश्वर या जाती कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे नोंदलेल्या आहेत. पालघरची कोंबडी अजून 'देशी, अवर्णित' या ढिगात मोजली जाते. बुसरापासून ती वेगळी आहे की तिचाच पसारा आहे, हे मोजमाप आणि जनुकीय तपासणी केल्याशिवाय सांगता येणार नाही. जिचे वर्णनच झालेले नाही ती वाचवायची कशी, हा सवाल मला या साऱ्या वादात सर्वांत निकडीचा वाटतो.

नाव आणि बाजार

या दोन बाजूंपलीकडे एक तिसरा विचार गेल्या काही वर्षांत पुढे आला आहे. स्थानिक पक्ष्याला नाव द्या, नियम ठरवा आणि जास्त दराने विका. जगात याची उदाहरणे आहेत. फ्रान्समध्ये ब्रेसच्या कोंबडीला १९५७पासून कायद्याचे संरक्षण आहे. चीनमध्ये पिवळ्या पिसांच्या स्थानिक कोंबड्यांचा बाजार ब्रॉयलरच्या बरोबरीने उभा आहे, आणि ग्वांगदोंग प्रांतातल्या चुंगशानचे शिछी कबूतर हे तर गावाच्या नावाने ओळखले जाणारे मांसाचे वाण आहे. स्थानिक कबुतराचा परदेशाहून आणलेल्या जड कबुतरांशी संकर करून ते गेल्या शतकात घडवले गेले. म्हणजे 'स्थानिक' असण्यासाठी संकर टाळलाच पाहिजे, असे काही नाही. संकरानंतर निवड कोणी केली, किती पिढ्या केली आणि जोड्या कोणाच्या हातात राहिल्या, यावर ते ठरते.

आपल्याकडचे उदाहरण कडकनाथचे. मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या या काळ्या कोंबडीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. दर वाढले आणि मागणी देशभर पसरली. पण पिल्ले आता कुठेही निघतात, आणि २०१९च्या सुमारास सांगली-कोल्हापूरकडे कडकनाथच्या करार-योजनांत शेतकऱ्यांची फसवणूक झाल्याचे गुन्हे नोंदले गेले. मानांकनाने झाबुआतल्या भिल्ल-भिलाला घरांना किती मिळाले आणि मधल्या माणसांना किती, यावर मते वेगवेगळी आहेत.

बोईसरच्या बाजारात अडचण याहून प्राथमिक आहे. तपकिरी कवचाचे अंडे दिसले की गिऱ्हाईक ते गावठी समजते. कवचाचा रंग वाणावर अवलंबून असतो, कोंबडी कुठे आणि काय खाऊन वाढली याच्याशी त्याचा संबंध नाही. पिंजऱ्यातल्या संकरित कोंबडीचे अंडेही तपकिरी असू शकते. बांगलादेशातली सोनाली, ऱ्होड आयलंड रेड नर आणि फायुमी मादी यांचा संकर, आज भारतातही 'देशी' म्हणून विकली जाते. गृहसंकुलातले कुटुंब पोल्ट्रीच्या अंड्याच्या दुपटीहून अधिक दर देते, पण ते पैसे पाड्यावरच्या बाईपर्यंत पोचतातच असे नाही.

मानमोडी आणि बर्ड फ्लू

वाणाचा वाद कितीही रंगला, तरी पाळणारीला विचारले तर पहिले नाव येते मानमोडीचे. हाच राणीखेत रोग. हिरवट हगवण, मान वाकडी होणे, आणि चार-पाच दिवसांत अख्खा कळप आडवा. गावठीला रोग होत नाही, हा समज इथे खोटा पडतो. पावसाळ्याआधी आणि थंडी संपताना साथ आली की गावठी आणि सुधारित दोन्ही मरतात. मुंगूस, घार, गारठा आणि रोग यांत मिळून निम्म्याच्या आसपास पिल्ले पहिल्या दोन महिन्यांत जातात, असे मोकळ्या पालनाच्या अभ्यासांत वारंवार दिसले आहे.

लस आहे, आणि ती महागही नाही. घोडे अडते ते बाटलीच्या मापात आणि बर्फात. लसोटाची बाटली शंभर-दोनशे मात्रांची, ती विरघळवली की तासा-दोन तासांत संपवावी लागते. घरात कोंबड्या आठ. सगळा पाडा एका सकाळी कोंबड्या डालून तयार राहिला तरच बाटली कामी येते. ऑस्ट्रेलियात विकसित झालेली उष्णतेत टिकणारी 'आय-टू' लस मोझांबिक, टांझानियासारख्या देशांत गावातल्याच बायकांनी डोळ्यात थेंब टाकून दिली आणि तिथे कळप टिकले. पालघरमध्ये आशाताई घरोघर जातात, बचतगट आहेत, पशुसखी हीसुद्धा आता अनोळखी कल्पना राहिलेली नाही. माझे मत विचाराल तर दोन्ही पक्ष अंडी मोजतात, मोजायला हवी ती एका कोंबडीमागे वर्षाला विक्रीपर्यंत पोचलेली पिल्ले. हा आकडा लसीने आणि बंद खुराड्याने जेवढा वाढेल, तेवढा वाण बदलून वाढेल असे वाटत नाही.

बर्ड फ्लूचा प्रश्न वेगळा आहे, कारण त्यात सरकारचा हात थेट खुराड्यात येतो. भारतातला पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६मध्ये नंदुरबारच्या नवापुरात झाला. २०२१ साली परभणीजवळ मुरुंबा, २०२२ साली शेजारच्या ठाणे जिल्ह्यात शहापूरचे वेहळोली. २०२१च्या केंद्रीय कृती आराखड्यानुसार उद्रेकाच्या एक किलोमीटर परिघातले पक्षी मारावे लागतात आणि दहा किलोमीटरपर्यंत देखरेख राहते. परिघात शेडही येते आणि अर्धलीची तलंगही. एक मत असे, की मोकाट कोंबड्या रानपक्ष्यांत मिसळतात, म्हणून धोका त्यांच्याकडूनच आहे. दुसरे मत असे, की दाटीवाटीची शेडे आणि पिल्ले-खाद्याची वाहतूक रोग दूरवर नेते, परसातली कोंबडी नुसती सापडते. प्रत्येक उद्रेकात दोन्हींपैकी काय घडले हे वेगळे शोधावे लागते. भरपाई मात्र पक्ष्याच्या वय-प्रकारावर ठरते आणि खुडूक कोंबडीखालच्या पिल्लांचा हिशेब त्यात नीट बसत नाही.

सुटायचे राहिलेले

नोंदणीचा प्रश्न वर आलाच आहे. त्याला जोडून आणखी एक आहे. दोन्ही वाण एका गावात ठेवता येतील का? गावठी माद्या पैदाशीला आणि सुधारित माद्या फक्त अंड्याला, नर मात्र गावठीच ठेवायचा, असा तोडगा काही अभ्यासक सुचवतात. कागदावर तो उत्तम आहे. पण योजनेच्या गटात पंचवीस तलंगांबरोबर तीन नर येतातच, आणि नर कापून खायला कोण कधी तयार होईल हे घरागणिक बदलते. योजनेतले नर वगळले तर काय होते, हे एखाद्या तालुक्यात पाच वर्षे करून पाहण्याजोगे आहे.

बेटेगावपुरता सर्वांत अवघड प्रश्न मातीचा आहे. तारापूर वसाहतीच्या सांडपाण्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादात गेली, त्यामुळे खाडी आणि मासळीच्या नुकसानीची चर्चा झाली. मोकळी कोंबडी तर दिवसभर मातीच उकरते आणि दाण्याबरोबर ती गिळतेही. प्लास्टिक-रसायनांचा कचरा जाळल्याने तयार होणारी डायॉक्सिनसारखी द्रव्ये मातीत बसतात, चरबीत विरघळतात आणि पिवळ्या बलकात साठतात. म्हणूनच जगभर कारखान्यांजवळच्या मोकळ्या कोंबड्यांची अंडी प्रदूषणाचा मापक म्हणून तपासली जातात. 'गावठी म्हणजे आरोग्याला चांगले' या विश्वासावर जास्त दर देणाऱ्या गिऱ्हाइकाला आणि तेच अंडे आपल्या मुलाला देणाऱ्या पाड्यावरच्या आईला, दोघांनाही याचे उत्तर मिळायला हवे. बलक स्वच्छ निघाला तर बोईसरच्या गावठी अंड्याला दाखला मिळेल. तसा नाही निघाला तर कोंबडी कुठे चरू द्यायची, अंगणात बाहेरची माती टाकायची की जाळीत ठेवून दाणा घालायचा आणि त्याचा खर्च कोणाचा, हे ठरवावे लागेल. आणि त्याही आधी हे ठरायला हवे, की तपासणी करायची कोणी. माती प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, अंडे अन्न व औषध प्रशासनाकडे आणि कोंबडी पशुसंवर्धन खात्याकडे आहे.